नळाचे पाणी आणि शाळेचे काम

(इयत्ता ५ वी ते ७ वी : परिसर अभ्यास, गणित व आरोग्यशिक्षण. अवधी : दोन तासिका)

उद्देश : धरणातून निघालेले पाणी मुलाच्या ओठांपर्यंत शुद्ध पोहोचण्यासाठी वाटेत कोणकोणती ठिकाणे सांभाळावी लागतात, हे विद्यार्थ्यांस समजावे व त्यांपैकी आपल्या हाती असलेली ठिकाणे त्यांनी सांभाळावीत.

साहित्य : काचेचे तीन पेले, मीठ, रांगोळीचा गडद रंग, रबरी नळी, बादली, परात, ओगराळे, साबण, गावाचा रेखाटलेला नकाशा.

प्रास्ताविक

वसई तालुक्यातील जूचंद्र हे गाव चंडिकादेवीच्या डोंगरासाठी आणि रांगोळीच्या कलेसाठी प्रसिद्ध आहे. भातशेती व मिठागरे हे या पट्ट्यातील जुने व्यवसाय. खाडीचा शेजार असल्यामुळे येथे पाणी जागोजागी दृष्टीस पडते. पण डोळ्यांपुढे पसरलेले पाणी आणि पिण्याजोगे पाणी यांतील अंतर खाडीकाठच्या माणसाइतके कोणास ठाऊक असणार? विहिरीवरून डोक्यावर हंडा आणण्याच्या आठवणी गावातील वडीलधाऱ्यांकडे आजही ऐकावयास मिळतात. पाठाचा आरंभ त्या आठवणींनी करावा.

यानंतर पाण्याची आजची वाट फलकावर काढावी. वसई-विरार शहर महानगरपालिका जुलै २००९ मध्ये स्थापन झाली. या भागाच्या पाणीपुरवठ्याचा मुख्य आधार म्हणजे सूर्या नदीवरील धामणी धरण. याच नदीवर मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने जी प्रादेशिक योजना आखली, ती दररोज ४०३ दशलक्ष लिटरची आहे. त्यांपैकी १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारसाठी व २१८ दशलक्ष लिटर मीरा-भाईंदरसाठी ठरविलेले आहे. ही बेरीज मुलांकडून करून घ्यावी. धरण, शुद्धीकरण केंद्र, टाकी, गल्लीतील नळ, घरातील हंडा, पेला आणि तोंड अशी सात ठिकाणे क्रमाने लिहावीत व प्रश्न टाकावा : “पाणी शुद्धीकरण केंद्रात एकदा शुद्ध झाले; मग ते पुन्हा बिघडेल कोठे?”

पहिले प्रात्यक्षिक : डोळा आणि जीभ

एका पेल्यातील स्वच्छ पाण्यात चमचाभर मीठ विरघळवावे. शेजारी साधे पाणी ठेवावे. मुलांस दोन्ही पेले सारखेच दिसतील; चव घेताच भेद कळेल. मिठागराच्या गावातील मुलांना हे नवे नाही. येथून पुढचा विचार सांगावा : मीठ डोळ्यास दिसत नाही, तरी जिभेस कळते, अतिसार, विषमज्वर, पटकी व कावीळ यांचे जंतू आणि विषाणू मात्र डोळ्यास दिसत नाहीत व जिभेसही कळत नाहीत. म्हणून “पाणी स्वच्छ दिसते” हे “पाणी सुरक्षित आहे” याचे प्रमाण होऊ शकत नाही.

दुसरे प्रात्यक्षिक : रिकामी नळी काय ओढते?

बरेच ठिकाणी नळास पाणी ठरावीक वेळीच येते. पाणी बंद असताना काय घडते, हे मुलांस दाखविणे अगत्याचे आहे.

रबरी नळीस मध्यभागी सुईने दोनतीन छिद्रे पाडावीत. नळीचा तो भाग रंगीत पाण्याच्या परातीत बुडेल असा ठेवावा. वरचे टोक उंचावरील बादलीत सोडावे, खालचे टोक परातीपेक्षा सखल जागी ठेवून बोटाने अर्धवट दाबावे. नळीत पाण्याचा जोर आहे तोवर छिद्रांतून पाणी बाहेर पडेल; रंग आत शिरणार नाही. आता वरचे टोक घट्ट चिमटून पुरवठा बंद करावा व खालचे टोक मोकळे करावे. थोड्याच वेळात खालून रंगीत पाणी येऊ लागेल.

गटारातून गेलेली, जोड सैल झालेली नळवाहिनी हेच करते. म्हणून गळती म्हणजे केवळ पाण्याची नासाडी नव्हे. पाणी बंद होताच त्याच वाटेने मैला आत येतो. पाणी पुन्हा सुरू झाल्यावर प्रथम येणारे गढूळ वा दुर्गंधीयुक्त पाणी पिण्यासाठी भरू नये. ते घरकामास वापरावे, इतपतही ते चांगले नसेल तर सोडून द्यावे.

वाहिनीची दुरुस्ती हे पाणीपुरवठा करणाऱ्या यंत्रणेचे कर्तव्य आहे. परंतु गळती कळविणे हे नागरिकाचे. भाषेच्या तासिकेस याच विषयावर अर्जलेखन घ्यावे : गळतीची जागा, प्रथम दिसल्याचा दिवस, शेजारी गटार आहे किंवा नाही, एवढा मजकूर पुरे. चांगला अर्ज मुख्याध्यापकांमार्फत खरोखरीच पाठवावा.

तिसरे प्रात्यक्षिक : हंडा, हात आणि ओगराळे

एका मुलाच्या बोटांस रांगोळीचा रंग लावून त्यास पेल्याने बादलीतील पाणी घेण्यास सांगावे. बोटे बुडताच पाण्यात रंग पसरेल. दुसऱ्या मुलाने तेच काम ओगराळ्याने करावे. भांडे झाकलेले असावे, ओगराळे टांगून ठेवावे आणि शौचानंतर व जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत, हे नियम मुलांकडूनच वदवून घ्यावेत. शाळेत शालेय पोषण आहारापूर्वी साबण ठेवलेला नसेल, तर हा पाठ फलकावरच राहील.

गणिताची जोड : विहिरीचे निर्जंतुकीकरण

नळ आला तरी विहिरी अनेक गावांत वापरात आहेत. समजा, गोल विहिरीचा व्यास ३ मीटर व पाण्याची खोली ४ मीटर आहे.

पाणी = ३.१४ × ३ × ३ × ४ ÷ ४ = २८.२६ घनमीटर, म्हणजे २८,२६० लिटर.

चांगल्या प्रतीची विरंजक पावडर १,००० लिटरला सुमारे २.५ ग्रॅम लागते. म्हणजे या विहिरीस सुमारे ७० ग्रॅम. पावडर कालवून चुना खाली बसू द्यावा, वरचे निवळ द्रावण विहिरीत मिसळावे व किमान एक तास पाणी वापरू नये. हिशेब मुलांनी करावा. पावडर हाताळण्याचे काम मात्र जलसुरक्षक वा प्रशिक्षित प्रौढ व्यक्तीचे. नळाच्या पाण्यात शेवटच्या घरापर्यंत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावे. ते तपासताना जलसुरक्षकाने मुलांसमक्ष तपासल्यास उत्तम. शंका असेल तेव्हा पाणी खळखळून उकळून, झाकून निववावे.

हजेरीपटाचा उपयोग

१८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीची साथ आली. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू झालेली घरे नकाशावर मांडली. बहुतेक घरे एकाच सार्वजनिक पंपाभोवती आढळली. पंपाचा दांडा काढण्यात आला. पटकीचा जंतू पाण्यात असतो, हे रॉबर्ट कॉख यांनी पुढे १८८४ मध्ये कलकत्त्यातील एका तळ्याच्या अभ्यासातून दाखविले. स्नो यांच्या हाती होती ती केवळ काळजीपूर्वक केलेली नोंद.

अशी नोंद गावात प्रत्येक शिक्षकापाशी असते. एकाच आळीतील तीनचार मुले एकाच आठवड्यात जुलाबामुळे गैरहजर राहिली, तर ती खूण दवाखान्याआधी हजेरीपटावर उमटते. गैरहजेरीचे कारण लिहून घ्यावे, नावे न लिहिता नकाशावर फक्त ठिपके मांडावेत व एकाच ठिकाणी ठिपके वाढताच आरोग्य उपकेंद्रास त्याच दिवशी कळवावे. घरी काय करावे, हेही मुलांस पाठ असावे : एक लिटर सुरक्षित पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते पाणी आजाऱ्यास घोटघोट द्यावे आणि दवाखाना गाठावा. जुलाबाने लहान मूल दगावते ते बहुधा अंगातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे.

गृहकार्य

१. आपल्या घरातील पाण्याची वाट रांगोळीने काढा. जेथे पाणी बिघडू शकते तेथे लाल ठिपका द्या.
२. आजीआजोबांच्या वेळी पाणी कोठून येत असे, ते विचारून दहा ओळी लिहा.
३. घराजवळील विहिरीचे माप वडीलधाऱ्यांकडून विचारून घ्या आणि लागणाऱ्या पावडरीचा हिशेब करा.

समारोप

सात ठिकाणांपैकी पहिली चार सरकार व स्थानिक संस्था यांच्या हाती आहेत आणि उरलेली तीन घराच्या. या दोहोंमधला दुवा शाळा होय. महिन्याने शिक्षकाने एवढेच पाहावे : किती घरी हंड्यावर झाकण व शेजारी ओगराळे आले, आणि नकाशावरील ठिपके किती कमी झाले. पाठ यशस्वी झाला की नाही, हे त्यावरून ठरेल.