इंजिनाचा श्वासमार्ग

मुलांनो, जळत्या पणतीवर काचेचा पेला पालथा घातला, तर थोड्याच वेळात ज्योत मंदावते व विझते. पणतीत तेल असते, वातही असते. उणीव असते ती हवेची. मोटारीच्या इंजिनाचेही तसेच आहे. एक किलोग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते!

ही हवा गाळणीतून स्वच्छ होऊन एका आखूड नळीत शिरते. या नळीस ‘थ्रॉटल बॉडी’ म्हणतात. तिच्यात आसाभोवती फिरणारी एक वाटोळी चकती असते. चालकाने ॲक्सिलरेटर दाबला, की चकती उघडते व अधिक हवा आत जाते; पाय उचलला, की ती मिटू लागते. गाडी चौकात उभी असताना पुष्कळ इंजिने चकतीच्या कडेच्या अरुंद फटीतून येणाऱ्या हवेवरच चालतात. इंजिनातील तेलकट वाफा व काजळी यांचा मळ नेमका तेथेच साचतो. मग इंजिन थरथरते आणि कधी भर रस्त्यात बंद पडते. मागून वाहने येत असता असे घडणे किती धोक्याचे!

हा मळ काढणे हे जाणत्या माणसाचे काम आहे. तुम्ही ते दुरून पाहावे. पण प्रत्येक कृतीचे कारण समजून घ्यावे.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच काम आरंभावे. कारण सफाईचा द्रव ज्वालाग्राही असतो व तापलेल्या भागांनी हात भाजतो. जागा मोकळी असावी, जवळ विस्तव नसावा. चावी काढून बॅटरीची ऋण तार सोडवावी. म्हणजे ठिणगी उडण्याचे भय राहत नाही. डोळ्यांस चष्मा व हातांत मोजे हवेतच.

नंतर हवेची नळी सोडवावी. थ्रॉटल बॉडीसाठीच बनविलेला द्रव मऊ फडक्यावर घेऊन चकतीची कड व नळीचा आतील भाग हलक्या हाताने पुसावा. खरवडू नये, आतील लेप निघून जाईल. आधुनिक गाडीतील चकती विजेच्या मोटरने फिरते. ती बोटाने ढकलल्यास आतील नाजूक दाते मोडू शकतात आणि वीज चालू असल्यास मिटणाऱ्या चकतीत बोट सापडते. म्हणून गाडीची माहितीपुस्तिका आधी वाचावी.

सर्व भाग सुकल्यावर नळी घट्ट बसवावी. फट राहिल्यास न गाळलेली धूळ इंजिनात जाईल. तार जोडून इंजिन सुरू केल्यावर त्याची गती प्रथम थोडी कमीअधिक होईल. गाडीतील संगणकाने मळलेल्या मार्गाची सवय करून घेतलेली असते. ती मोडावयास थोडा अवधी लागतो. काही गाड्यांत ते काम कारागिराकडूनच करवून घ्यावे लागते.

यंत्राची भाषा शब्दांची नव्हे. त्याची थरथर हेच त्याचे गाऱ्हाणे. ते वेळीच ऐकणारा माणूस यंत्रही वाचवितो आणि प्रवाशांचे प्राणही.

शब्दार्थ : ज्वालाग्राही – चटकन पेट घेणारा, गाऱ्हाणे – तक्रार.

प्रश्न : १. मळ चकतीच्या कडेला साचल्याने इंजिन का थरथरते? २. बॅटरीची तार का सोडवावी?