थकलेले भाडे आणि त्याची वसुली

मराठीत ‘भाडे’, कन्नडमध्ये ‘बाडिगे’. ‘बाकी’ मात्र दोन्ही भाषांत बाकीच! आपल्या बेळगावात एखादी खोली भाड्याने देऊन त्यावर चूल पेटवणाऱ्या विधवा आजी मी गल्लीतच पाहतो. भाडेकरू बाकी ठेवून निघून गेला, तर त्यांनी काय करावे?

प्रथम हिशेब पाहू. समजा, दरमहा भाडे ३,००० रुपये. चार महिन्यांचे थकले १२,०००. डिपॉझिट ५,००० वजा जाता येणे ७,०००. वसुली एजन्सीने शेकडा २५ कमिशन घेतले असे धरले, तर १,७५० तिचे. आजींच्या हाती ५,२५०. म्हणून आधी लेखी मागणी करून पाहावी, हे बरे.

दुसरा मुद्दा मुदतीचा. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानुसार भाडे थकल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. मुदत संपण्यापूर्वी भाडेकरूने सहीनिशी बाकी मान्य केली, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजतात.

तिसरा मुद्दा हक्काचा. एजंट हा मालकाचा प्रतिनिधी. जो हक्क मालकाला नाही, तो एजंटलाही नाही. धमकावून पैसे काढणे हा गुन्हाच.

माझ्या मते, खोली सोडतानाच दोघांनी हिशेबाच्या कागदावर सह्या कराव्यात. आपल्यापैकी पुष्कळजण आज भाडेकरू आहेत. तो कागद आजींइतकाच आपल्यालाही उपयोगी पडेल.