आजीचं फुलपात्र आणि भरताच्या पादुका

आजचं वाचन: वाल्मीकि रामायण, अयोध्याकांड, सर्ग ११२ ते ११५



बाजारात किंमत शून्य, पण हरवली तर जीव कासावीस होईल, अशी एखादी वस्तू तुमच्याकडे आहे का? माझ्याकडे आजीचं पितळी फुलपात्र आहे. ती गेली तेव्हा मी तेवढंच मागून घेतलं आणि फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलं.

गेल्या रविवारी दादाची पाच वर्षांची मुलगी ते घेऊन खेळत होती. हातातून पडलं, काठाला पोचा आला. मी असा ओरडलो की पोर रडत वहिनीच्या मागे लपली. रात्री ते हातात घेतलं आणि आठवलं: उन्हाचं दारात कुणीही येवो, पोस्टमन असो की कचरा नेणारी मावशी, आजी याच फुलपात्रातून पाणी द्यायची. मी आजीची वस्तू जपली, पण आजीची रीत मात्र कपाटात बंद करून टाकली.

आता भरत बघा. रामाला परत आणायला तो चित्रकूटला गेला. राम आला नाही, मिळाल्या फक्त पादुका. त्या सोन्याने मढवलेल्या होत्या, पण भरताला त्या सोन्याचं काय? त्या रामाच्या होत्या, एवढंच त्याला पुरे होतं. त्याने त्या डोक्यावर घेतल्या, नंदिग्रामात त्यांना राज्याभिषेक केला, स्वतः वल्कलं नेसून राहिला. राज्याचं प्रत्येक काम आधी पादुकांना सांगायचं, मग करायचं. अशी १४ वर्षं!

म्हणजे आठवणीची वस्तू जपणं ही काही चूक नाही. त्यात आनंद आहेच, आणि तो खराही आहे. प्रश्न एवढाच, की ती वस्तू आपल्याकडून काय करून घेते? भरताकडून तिने रामाचं काम करून घेतलं. माझ्याकडून एका लहान मुलीला रडवलं.

आणि शेवट तर फारच गोड आहे. राम परतला तेव्हा भरताने त्याच पादुका स्वतःच्या हातांनी त्याच्या पायांत घातल्या. राज्यही परत दिलं, कोठार आणि खजिना दसपट करून! पादुका त्याच्यासाठी ठेव होत्या. जीव लावला, पण मालकी सांगितली नाही.

आजचा नेम: आपली ती वस्तू आज बाहेर काढा. ज्यांची ती होती, त्यांचं एक काम तिच्या साक्षीने करा.

काल मी पुतणीला सॉरी म्हटलं आणि फुलपात्रात पाणी दिलं. तिने पोच्यावर बोट फिरवत विचारलं, "काका, हे आता माझं पण आहे ना?"

हो गं बाई, तुझं पण.

देवा, जे दिलंस ते वापरायची बुद्धी दे, आणि वेळ आली की सोडायचं बळ दे. 🙏