टेम्प्लेट बदललं आणि जुने इंडेंट कोरे झाले

१ जुलै २०१७ला जीएसटी लागू झाला, तेव्हा पुण्याजवळच्या एका कारखान्याचं शेअरपॉइंट मी सांभाळत होतो. खरेदीचा इंडेंट आमच्याकडे कागदावरून केव्हाच मायक्रोसॉफ्टच्या इन्फोपाथ या सॉफ्टवेअरमधल्या फॉर्मवर आला होता. कर बदलले म्हणजे फॉर्म बदलणं आलंच. ते काम बाहेरच्या एजन्सीला दिलं गेलं. त्यांच्या माणसाने एक्साइज आणि व्हॅटची फील्डं काढून टाकली, सीजीएसटी-एसजीएसटी-आयजीएसटीची घातली, जाता जाता दोन-चार फील्डांची नावंही ‘नीट’ केली आणि टेम्प्लेट पब्लिश केलं. नवे इंडेंट झकास चालू लागले. सगळे खूश.

पुढे ऑडिटरने आदल्या वर्षीचे इंडेंट मागितले. उघडून बघतो तर कराच्या जागा कोऱ्या, एकूण रक्कम भलतीच आणि काहींवर तारीख चक्क त्याच दिवशीची! परचेसमधला मुलगा घाबरून म्हणाला, “सर, हा मी आज टाकलेला नाही हो.”

त्याचं खरंच होतं. कागदी फॉर्मवर प्रश्न आणि उत्तर एकाच कागदावर असतात. छापखान्यातून नवी पावतीपुस्तकं आली म्हणून कपाटातली जुनी बदलत नाहीत. इन्फोपाथमध्ये भरलेला फॉर्म ही नुसती एक्सएमएल फाइल असते. तिच्यात फील्डांची नावं आणि भरलेली माहिती, एवढंच. लेबलं, मांडणी, नियम, गणितं हे सगळं टेम्प्लेटमध्ये, म्हणजे एक्सएसएन फाइलमध्ये. एक्सएमएलच्या सुरुवातीला टेम्प्लेटचा पत्ता आणि आवृत्तीचा क्रमांक असतो. त्या पत्त्यावर आज जे टेम्प्लेट असेल, त्यातूनच जुना फॉर्म उघडतो.

टेम्प्लेटच्या व्हर्जनिंगच्या सेटिंगमध्ये जुने फॉर्म आपोआप अपग्रेड करण्याचा पर्याय असतो. तो निवडला, की जुनी फाइल उघडताना नव्या रचनेत ओतली जाते आणि नव्या रचनेला माहीत नसलेली फील्डं गळतात. नाव बदललेलं फील्ड नव्या रचनेच्या लेखी जुनं नाहीच. एक गेलं, दुसरं कोरं आलं. नुसतं उघडून बंद केलं तर मूळ फाइल शाबूत राहते. सेव्ह केलं, की माहिती गेली. आणि आपल्याकडे सेव्ह दाबल्याशिवाय खिडकी बंद करणारा माणूस विरळाच.

म्हणून अशी वेळ आली, तर आधी, भरलेले फॉर्म ज्या शेअरपॉइंट लायब्ररीत असतात, तिच्यात बदल करण्याचे हक्क काढून घ्या. कारणं नंतर शोधता येतात. आमच्या लायब्ररीत व्हर्जन हिस्टरी चालू होती म्हणून सेव्ह झालेल्या फॉर्मच्या आधीच्या प्रती मिळाल्या, आणि जुनं टेम्प्लेट कुणीतरी जपून ठेवलं होतं म्हणून त्या वाचता आल्या. या दोन्ही गोष्टी नशिबावर सोडू नयेत.

एकदा फॉर्म भरले गेले, की फील्ड काढायचं नाही. नको असेल तर व्ह्यूमधून, म्हणजे पडद्यावरच्या मांडणीतून हटवा, डेटा सोर्समध्ये राहू द्या. लेबल हवं ते लिहा. फील्डचं नाव, प्रकार आणि गटातली जागा यांना हात लावू नका. इन्फोपाथ डिझायनर हा प्रोग्रॅम स्वतः इशारा देतो, पण तो वाचतो कोण? ड्रॉपडाउनमधला पर्यायही एकदम उडवला, तर जुन्या फॉर्ममधली नोंद यादीत सापडत नाही. नवं फील्ड सक्तीचं केलं, तर अर्धवट मंजुरीत अडकलेले फॉर्म पुढे सबमिट होईनात, असं होतं. मला विचाराल तर सर्वांत जास्त छळ याच अर्धवट फॉर्मांनी केला, कारण ते जुनेही नसतात आणि नवेही.

तारीख आणि रकमेचा घोटाळा वेगळा. डीफॉल्ट व्हॅल्यूमध्ये सूत्र लिहिलं, की ‘सूत्राचं उत्तर बदललं तर किंमतही बदला’ अशी खूण आपसूक लागलेली असते. सूत्र ‘आज’ असेल तर फॉर्म उघडेल तेव्हाचा ‘आज’ पडतो. रकमेच्या सूत्रात नवा दर बसला, तर जुन्या इंडेंटची बेरीजही नव्या दराने होते. नोंदीच्या तारखेवरची खूण काढा; रक्कम सबमिट करताना वेगळ्या फील्डमध्ये गोठवा.

एक जुना व्ह्यू फक्त वाचण्यापुरता ठेवून, इंडेंटच्या तारखेवरून तो उघडावा असा नियम फॉर्म लोडवर लावता येतो. आम्ही शेवटी तेच केलं. पण कायदाच बदलतो तेव्हा माझं मत स्पष्ट आहे : नवं टेम्प्लेट, नवी लायब्ररी, आणि जुन्याला कुणी हात लावायचा नाही. फील्डांची यादी स्वच्छ दिसावी हा हट्ट डिझायनरचा असतो, ऑडिटरचा नसतो. डिजिटल सही असलेल्या फॉर्मच्या बाबतीत तर दुसरा मार्गच नाही, कारण सही केलेला मजकूर बदलला की सही अवैध ठरते.

चाचणी कोऱ्या फॉर्मवर करून भागत नाही. दर वर्षाचे काही खरे फॉर्म, त्यांत अडकलेले आणि परत पाठवलेलेही, चाचणीच्या लायब्ररीत उतरवून उघडा, सेव्ह करा आणि एक्सएमएल नोटपॅडमध्ये ताडून बघा.

इन्फोपाथ २०१३साठी मायक्रोसॉफ्टने १४ जुलै २०२६ ही सपोर्टची अखेरची तारीख ठरवली. दुसऱ्या व्यवस्थेकडे वळताना बहुतेकजण फक्त आकडे उचलतात. जुना फॉर्म ज्या व्ह्यूमध्ये भरला गेला त्याची पीडीएफ, मूळ एक्सएमएल आणि त्या काळचं एक्सएसएन हे तिन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवा, आणि फोल्डरच्या नावात ते टेम्प्लेट कधीपासून कधीपर्यंत चाललं ते लिहा.