रात्रीचं रक्त

१. हत्तीरोगाच्या अभ्यासासाठी रक्त रात्रीच घ्यावं लागतं, हे पुस्तकात वाचणं निराळं आणि रात्री दहाला कुणाचं दार वाजवून ते पटवणं निराळं. या रोगाच्या जंतांची पिल्लं दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री, क्युलेक्स डासांच्या चावण्याच्या वेळेला, अंगभर फिरू लागतात. वर्ध्याकडच्या एका आजींनी विचारलं, "काहून बापा, दिवसा रक्त नसते का आमच्यात?" हे जंत डासात वाढतात हे शोधणाऱ्या पॅट्रिक मॅन्सनपासूनच मी थेट सुरुवात केली, १८७७, चीन, डास. आजी जांभया देऊ लागल्या. सोबतच्या आशाताईंनी एका वाक्यात संपवलं, "चोर रातीच सापडते, आजी!" आजींनी बोट पुढे केलं.

२. सुईला फारसं कुणी भीत नाही. रक्त घ्यायचं ते २० घन मिलिमीटर, म्हणजे जेमतेम अर्धा थेंब. पण कापूस वेचून राठ झालेल्या बोटातून तेवढंही सहजी निघत नाही. स्पिरिट पुरतं वाळू द्यायचं, पहिला थेंब पुसून टाकायचा आणि बोट पिळायचं नाही. पिळलं की ऊतींतलं पाणी रक्तात मिसळतं. काचपट्टी आडवी ठेवून वाळवायची आणि मुंग्यांपासून राखायची. मुंग्यांना संशोधनाचं काय कौतुक, त्या सगळं चाटूनपुसून नेतात.

३. मला सगळ्यात खजील केलं ते सुजलेल्या पायांनी. मोहल्ल्यातले लोक पाय सुजलेल्या माणसाला हटकून पुढे करायचे, "याचं आधी घ्या." मलाही तेच वाटायचं. पण सूज जुनी झाली की रक्तात जंतांची पिल्लं बहुधा सापडतच नाहीत. उलट "मला काय धाड भरलीय?" म्हणत दंड दाखवणाऱ्या एखाद्या पोराच्या काचपट्टीवर, सूक्ष्मदर्शकाखाली, जांभळे दोरे स्वच्छ दिसतात. त्याला ताप नाही, सूज नाही. डास मात्र त्याच्याकडून जंत घेऊन शेजाऱ्याकडे जातात. नुसत्या नजरेनं निदान करण्याची माझी हौस तिथेच फिटली.

४. लोकांची खरी तक्रार वेगळीच असते. "मागं पण नेलं होतं रक्त. पुढं काही कळलंच नाही." यावर माझ्याकडे कधीच चांगलं उत्तर नव्हतं. रक्तात जंत सापडले तर डीईसी या औषधाच्या गोळ्या १२ दिवस घ्यायच्या असतात, आणि ज्याला निकालच कळला नाही तो गोळ्या घेणार कशा? तेव्हा रात्री कुणी काचपट्टी घेऊन दारात आलं, तर बोट जरूर द्या. पण त्याआधी विचारा, "निकाल कधी सांगणार आणि कोण सांगणार?"