शेवटच्या धावणाऱ्यासाठी थांबणारी मंडळी

शास्त्रपाठ : १ करिंथ ९:२४-२७, इब्री १२:१-३ व १२-१३, उत्पत्ति ३३:१२-१४

आपल्या बहुतेक शहरांतून आज पहाटेच्या वेळी एक नवे दृश्य दिसते. चाळिशी-पन्नाशीची माणसे तलावाकाठी, बागेत, छावणीच्या मोकळ्या रस्त्याने धावत असतात. त्यांत शिक्षक असतात, बँकेतील कारकून असतात, परिचारिका असतात, नातवंडे असलेल्या गृहिणीही असतात. शाळा सुटल्यापासून जी माणसे कधी पळाली नाहीत, ती आठवड्यातून तीनदा ठरल्या जागी जमतात आणि एकमेकांच्या सोबतीने दोन-चार किलोमीटर धावून घरी जातात. आपल्या मंडळ्यांतील काही बंधुभगिनीही अशा क्लबांत जाऊ लागल्या आहेत.

यावरून मंडळ्यांत दोन प्रश्न विचारले जातात. पहिला, शरीरासाठी एवढा वेळ देणे ख्रिस्ती मनुष्यास शोभते काय? दुसरा, पुष्कळ शर्यती रविवारी सकाळी असतात, मग उपासनेचे काय? हे दोन्ही प्रश्न योग्य आहेत व त्यांची उत्तरे दिली पाहिजेत. परंतु आम्हांला वाटते की एक तिसरा प्रश्नही आहे, आणि तो फारसे कोणी विचारत नाही : या धावणाऱ्यांपासून मंडळीला काही शिकता येईल काय?

१. पौलाने पाहिलेले मैदान

पौल करिंथ येथे दीड वर्ष राहिला (प्रे. कृत्ये १८:११). हा काळ सुमारे इ. स. ५० ते ५२ चा होय. करिंथापासून काही मैलांवर इस्थमस येथे दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत. ग्रीक लोकांच्या चार प्रमुख क्रीडामहोत्सवांपैकी तो एक होता. तेव्हा पौलाने करिंथकरांना शर्यतीचा दाखला दिला, तो त्यांच्या घराजवळचाच होता.

या खेळांत सर्वांत जुनी व मानाची शर्यत म्हणजे ‘स्टेडियन’, अर्थात मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ धावणे. ऑलिंपिया येथे हे अंतर सुमारे १९२ मीटर होते. याशिवाय ‘डॉलिखॉस’ नावाची लांब पल्ल्याची शर्यत होती व तिच्यात मैदानाच्या पुष्कळ फेऱ्या माराव्या लागत. ऑलिंपियाच्या खेळाडूंना आपण दहा महिने तयारी केली आहे अशी शपथ घ्यावी लागे. आणि एवढ्या संयमाचे फळ काय? इस्थमस येथे विजेत्याच्या मस्तकी पाइन झाडाच्या डहाळ्यांचा किंवा सेलरीच्या वाळलेल्या पाल्याचा मुगूट ठेवीत. पौल त्या मुगुटाला नाशवंत म्हणतो, याचा अर्थ त्याच्या वाचकांना समजावून सांगावा लागला नसेल.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. मैदानात धावतात सर्व, पण बक्षीस एकालाच मिळते, असे पौल लिहितो. यावरून काही जण असे समजतात की ख्रिस्ती जीवनही एकमेकांना मागे टाकण्याची शर्यत आहे. पौलाचा रोख तसा नाही. तो धावणाऱ्याचा संयम आणि ध्येय घेण्यास सांगतो. बक्षिसाविषयी तर तो दुसरीकडे स्पष्ट लिहितो की नीतिमत्त्वाचा मुगूट त्याला एकट्यालाच नव्हे, तर प्रभूच्या प्रगट होण्याची आवड धरणाऱ्या सर्वांना मिळणार आहे (२ तीमथ्य ४:८). ग्रीक मैदान आणि देवाचे राज्य यांतील हा मोठा भेद होय.

२. ऑकलंडचे सामान्य धावपटू

सामान्य प्रौढांनी एकत्र येऊन धावण्याची आजची रीत फार जुनी नाही. तिचा एक उगम न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरात सापडतो. तेथे आर्थर लिडियार्ड नावाचे गृहस्थ जोड्यांच्या कारखान्यात काम करीत. तरुणपणी ते स्वतःला धडधाकट समजत असत. परंतु क्लबातील एका वडीलधाऱ्या सोबत्याने त्यांना पाच मैल पळायला नेले तेव्हा ते पार थकून गेले. त्यानंतर त्यांनी अनेक वर्षे स्वतःवरच निरनिराळे प्रयोग केले आणि मग शेजारपाजारच्या मुलांना शिकविले. २ सप्टेंबर १९६० रोजी रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या दोन शिष्यांनी एकाच दिवशी सुवर्णपदके मिळविली : पीटर स्नेल यांनी ८०० मीटरमध्ये आणि मरे हॅलबर्ग यांनी ५००० मीटरमध्ये. हॅलबर्ग यांचा डावा हात रग्बीच्या खेळात झालेल्या दुखापतीमुळे निकामी झालेला होता.

पण आपल्या विषयाशी संबंध आहे तो पुढच्या घटनेचा. १९६२ साली लिडियार्ड व कॉलिन के यांनी ऑकलंड जॉगर्स क्लब सुरू केला. त्यात पदके मिळविणारे नव्हते. पोट सुटलेले व्यापारी होते, आणि हृदयविकारातून उठलेली माणसेही होती. त्या काळी हृदयरोग्याने स्वस्थ पडून राहावे असा सर्वसाधारण समज होता. लिडियार्ड त्यांना सावकाश, दम न लागता, थोडे थोडे अंतर पळवीत.

त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन तेथे आले. त्यांचे वय एक्कावन्न होते. आपण तंदुरुस्त आहोत अशी त्यांची समजूत होती. ते या मंडळींबरोबर पळायला गेले, तो थोड्याच अंतरात त्यांना धाप लागली. सत्तरी ओलांडलेला आणि हृदयविकाराचे झटके येऊन गेलेला एक वृद्ध गृहस्थ त्यांच्यासाठी मागे थांबला आणि बोलत बोलत त्यांना घेऊन आला. बॉवरमन यांनी परत जाऊन आपल्या गावी तसेच वर्ग सुरू केले आणि १९६७ साली एका हृदयरोगतज्ज्ञाच्या सहकार्याने ‘जॉगिंग’ नावाचे पुस्तक लिहिले. त्यानंतर ही चळवळ अमेरिकेत झपाट्याने पसरली.

एका प्रसिद्ध प्रशिक्षकावर ज्या गोष्टीचा परिणाम झाला ती वेगाची नव्हती. एक म्हातारा आपल्यासाठी थांबला, ही गोष्ट त्यांच्या मनात राहिली.

३. बोलता येईल इतकाच वेग

नव्याने धावू लागणाऱ्या बहुतेकांची एक चूक होते. पहिल्याच दिवशी ते शाळकरी मुलासारखे सुसाट सुटतात, दोनशे पावलांवर थांबतात, दुसऱ्या दिवशी पोटऱ्या धरून बसतात आणि तिसऱ्या दिवसापासून येतच नाहीत. म्हणून चांगल्या क्लबांत एक साधा नियम असतो : सोबत्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने धावावे. बोलणे तुटू लागले की वेग अधिक झाला असे समजावे. आरंभी एक मिनिट धावावे, दोन मिनिटे चालावे, आणि काही आठवड्यांत धावण्याचा वेळ हळूहळू वाढवावा. हृदय व फुप्फुसे लवकर सरावतात, परंतु स्नायुबंध आणि सांधे यांना अधिक काळ लागतो. दम टिकतो म्हणून अंतर एकदम वाढविले तर गुडघे व घोटे तक्रार करतात.

हे वाचताना आम्हांला याकोबाची आठवण होते. वीस वर्षांनी एसाव भेटला आणि आपण बरोबर जाऊ असे म्हणाला. याकोबाने नम्रपणे नकार दिला. मुले कोवळी आहेत, गुराढोरांत दूध पाजणाऱ्या आहेत, एक दिवस जरी फार हाकलले तरी कळप मरेल, म्हणून मी मुलांच्या व जनावरांच्या चालीने सावकाश येतो, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. एसावाबरोबर चारशे पुरुष होते व त्यांचा वेग वेगळा होता. याकोबाने मात्र दुर्बलांची चाल ती आपली चाल केली.

आपल्या मंडळीचा वेग कोण ठरवितो? ज्यांना वचने मुखोद्गत आहेत, गीते पाठ आहेत, सभेत उभे राहून बोलता येते, त्यांच्या चालीने सर्वांना ओढले जाते काय? नुकताच विश्वासात आलेला मनुष्य, बऱ्याच वर्षांनी मंडळीत परतलेली बहीण, नीट वाचता न येणारा मुलगा, यांना आपल्याबरोबर चालताना बोलण्याइतका तरी श्वास उरतो काय?

४. सर्वांच्या मागे चालणारा

२ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये तेरा माणसे पाच किलोमीटर धावण्यासाठी जमली. दुखापतीमुळे स्वतः धावू न शकणाऱ्या पॉल सिंटन-ह्युइट यांनी हा उपक्रम मित्रांसाठी सुरू केला होता. आज तो ‘पार्करन’ या नावाने अनेक देशांत चालतो. तो मुख्यतः शनिवारी सकाळी होतो, त्याला शुल्क नाही, आणि सर्व व्यवस्था स्वयंसेवक पाहतात. त्यांतील एका स्वयंसेवकाचे काम सर्वांच्या मागे राहण्याचे असते. कितीही सावकाश चालणारा आला तरी तो त्याच्या मागेच राहतो. त्यामुळे आलेल्यांपैकी कोणालाही शेवटचे येण्याची लाज वाटत नाही, कारण शेवटची जागा एकाने आपण होऊन घेतलेली असते.

बंधुभगिनींनो, इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायातील पहिली दोन वचने आपल्याला चांगली ठाऊक आहेत. धीराने धावावे, भार टाकून द्यावा, येशूकडे पाहावे, यावर आपण पुष्कळ उपदेश ऐकले आहेत. परंतु बारावे व तेरावे वचन त्याच विचाराचा शेवट आहे, हे आपण विसरतो. तेथे लोंबणाऱ्या हातांविषयी व लटपटणाऱ्या गुडघ्यांविषयी सांगितले आहे, आणि लंगड्याचा पाय उखळू नये म्हणून वाट सरळ करण्यास सांगितले आहे. म्हणजे आपण केवळ आपल्या पायांपुरते धावावयाचे नाही. मागून येणाऱ्याचा पाय जेथे पडणार आहे ती जागाही पाहावयाची आहे. शिवाय, शेवटची जागा आपण होऊन घेणारा म्हटल्यावर आपल्याला आपल्या प्रभूशिवाय कोणाची आठवण होणार?

५. रविवारचा प्रश्न

एरिक लिडेल यांचे नाव अनेकांनी ऐकले असेल. त्यांचा जन्म १९०२ साली चीनमध्ये स्कॉटिश मिशनरी कुटुंबात झाला. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती. हे कळल्यावर त्यांनी त्या शर्यतीत भाग घेतला नाही. ते ४०० मीटर धावले व ४७.६ सेकंदांत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. पुढच्याच वर्षी ते मिशनरी म्हणून चीनला गेले. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी त्यांना वेशिएन येथील छावणीत बंदिस्त केले आणि तेथेच २१ फेब्रुवारी १९४५ रोजी ते मरण पावले.

ही कथा आपण शब्बाथ शाळेत सांगतो, पण छावणीतील एक गोष्ट सांगत नाही. तेथील मुलांसाठी लिडेल खेळ भरवीत, मात्र रविवारी नाही. पुढे काही मुलांनी रविवारी आपले आपणच खेळावयास घेतले व त्यांच्यात भांडणे झाली. तेव्हा लिडेल त्यांच्या खेळात पंच म्हणून उभे राहिले. स्वतःच्या पदकासाठी त्यांनी रविवार सोडला नव्हता. मुलांच्या भल्यासाठी मात्र ते रविवारी मैदानात उतरले.

यावरून आमचे मत असे आहे. वर्षातून एखाद्या रविवारी कोणी शर्यतीला गेला म्हणून त्याला दोषी ठरवू नये, आणि पहाटे धावून वेळेवर उपासनेस येणाऱ्याला तर बोलण्याचे कारणच नाही. परंतु दर रविवारी क्लब प्रथम व मंडळी नंतर असे होऊ लागले, तर ते प्रामाणिकपणे तपासावे. शब्बाथ शाळेचा शिक्षक एक रविवार आला नाही तर त्याच्या वर्गातील मुले दाराकडे पाहत बसतात. क्लबात त्याची जागा दुसरा घेऊ शकतो, पण त्या मुलांना तोच हवा असतो. क्लबाचे इतर दिवसही असतात. ‘मी शनिवारी येईन’ असे सांगण्यात कोणाला संकोच वाटू नये.

६. शरीराची योग्य किंमत

पौलाने तीमथ्याला लिहिताना शारीरिक कसरत थोडक्या गोष्टींत उपयोगी म्हटली आहे (१ तीमथ्य ४:८). थोडक्या म्हणजे शून्य नव्हे. आपले शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे (१ करिंथ ६:१९), आणि मंदिराची झाडलोट करणे हा संसारीपणा नव्हे. प्रौढांनी आठवड्यातून निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. झपझप चालणे त्यात येते. ज्यांना मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास आहे, त्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. छातीत दुखले अगर चक्कर आली तर तत्काळ थांबावे.

त्याचबरोबर शरीराला देवही करू नये. धावण्यावरील अतिशय खपलेल्या पुस्तकाचे अमेरिकन लेखक जिम फिक्स हे १९८४ साली धावत असतानाच हृदयविकाराने मरण पावले. त्यांचे वय ५२ होते. त्यांच्या वडिलांचेही हृदयविकारानेच अवघ्या ४३ व्या वर्षी निधन झाले होते. यावरून धावणे वाईट असे ठरत नाही. आयुष्याची दोरी आपल्या पायांत नाही, एवढेच ठरते.

शिक्षकांसाठी

मोठ्या मुलांच्या वर्गात हा पाठ मैदानात घ्यावा. मुलांना दोन गटांत उभे करावे. पहिल्या गटाने नेहमीप्रमाणे शर्यत लावावी. दुसऱ्या गटाने सर्वांत लहान मुलाच्या वेगाने, त्याच्याशी बोलत, तेवढेच अंतर जावे. मग दोन्ही गटांतील लहान मुलांना कसे वाटले ते विचारावे, आणि नंतरच उत्पत्तीचा ३३ वा अध्याय उघडावा.

प्रौढांच्या वर्गासाठी प्रश्न :

१. इब्री १२:१ मधील भार म्हणजे पापच असे नाही. आपल्या जीवनात पाप नसलेला पण धावू न देणारा भार कोणता?

२. गेल्या वर्षभरात आपल्या मंडळीतून येईनासे झालेले कोण आहेत? त्यांच्या मागे चालणारा कोणी होता काय?

३. शनिवारी सकाळी मंडळीतील वृद्ध व आजारातून उठलेल्यांना घेऊन अर्धा तास चालण्यास कोण तयार आहे?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नावांनिशी लिहून घ्यावे, आणि येत्या शनिवारीच आरंभ करावा.