जॅक चढला, गाडी नाही

शिरवळच्या पुढे मागचं डावं चाक बसलं. ही आणि सासूबाई कडेच्या चिंचेखाली जाऊन उभ्या राहिल्या. मी डिकीतून जॅक काढला, दाराखालच्या रनिंग बोर्डाला लावला आणि दांडा फिरवायला लागलो. जॅक वर चढत होता, गाडी जागची हलत नव्हती. मग कुणी पापड मोडावा तसा आवाज झाला आणि जॅकचं डोकं चार बोटं आत शिरलं.

भोकातून आधी लांबीचे पापुद्रे पडले, एका बाजूने आमचा नवाकोरा क्रीम रंग ल्यालेले. त्यामागे कागद दिसला. ओढला तर हातभर निघाला. वर्तमानपत्राचं पान, चार घड्या घालून ठासलेलं. त्यावर रेनकोटच्या सेलची जाहिरात आणि माथ्यावर तारीख, त्याच वर्षाची, ११ जून. आमची ही जुनी पद्मिनी मी पत्राकामासाठी मिस्त्रींच्या ताब्यात दिली होती त्याच वर्षीच्या अक्षय्य तृतीयेला.

तिथूनच फोन लावला. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "साहेब, ते आधीच्या मालकाचं काम असणार." आधीचे मालक म्हणजे आमचे नाना. नाना २००९ साली गेले. ते रेनकोट घ्यायला परत आले असतील तर मला कल्पना नाही. हे ऐकवल्यावर दुसरं उत्तर आलं, "गाडी जुनी आहे साहेब, एवढं चालायचंच." बिलावर मात्र स्वच्छ अक्षरात लिहिलंय: दोन्ही रनिंग बोर्ड नवीन पत्रा, ४२,००० रुपये. ते बिल मी जपून ठेवलंय. पानही.

नातेवाईक म्हणतात, तुला कळायला हवं होतं. कळायला हवं होतंच, पण माझं सगळं लक्ष इंजिनात. १०८९ सीसीचं ते इंजिन, त्याचं बोअरिंग, कार्ब्युरेटरचे जेट, यावर मी सहा महिने डोकं खपवलं. इंजिनाचं काम दुसरीकडे केलं होतं आणि ते चोख झालं. घाटात पेट्रोल पंप तापून गाडी अडली तरी पंपावर ओलं फडकं टाकून दहा मिनिटं थांबलं की पुन्हा निघते. इंजिन बिघडलं की बोंब तरी मारतं. पत्रा गप्प सडतो.

आणि पद्मिनीला जीपसारखी वेगळी चॅसीस नाही. तळाचा पत्रा, रनिंग बोर्ड आणि दारांचे खांब मिळून हाच तिचा सांगाडा. रनिंग बोर्डात रद्दी भरलेली असेल तर ते फक्त दिसायला वाईट नाही, धडक बसली तर आतल्या माणसाच्या जिवाशी खेळ आहे. सासूबाई मागे बसल्या होत्या, हे आठवलं की अजून हात थरथरतात. खूण तर दसऱ्याला गाडी घरी आली तेव्हाच दिसली होती. मागचं दार जरा उचलून लावावं लागे. मिस्त्री म्हणाले, नवीन रबर आहे, बसेल हळूहळू. मी मान डोलावली. दार उचलावं लागत असेल तर आधी बिजागरी तपासा, ती ठीक असेल तर खाली वाकून बघा. रबराच्या गोष्टी ऐकू नका.

जुनी गाडी टिंकरिंगला टाकणाऱ्यांनी एवढं करावं. रंग खरवडून पत्रा उघडा पडला की प्रायमर मारायच्या आधी स्वतः जाऊन बघायचं, न सांगता जायचं. मला व्हॉट्सॲपवर फोटो येत होते, नव्या पत्र्याचे, झकास वेल्डिंगचे. एकाही फोटोत नंबर प्लेट नव्हती, हे आता लक्षात येतंय. कापून काढलेला सडका पत्रा गोणीत भरून परत मागा. कापलाच नसेल तर गोणी येणार कुठून? पैसे टप्प्याटप्प्याने द्या, आणि पत्राकामाचा टप्पा वेगळा ठेवा. मी रंगासकट एकरकमी दिले, दसऱ्याच्या मुहूर्ताच्या घाईत. गाडी घरी आल्यावर लोहचुंबक फडक्यात गुंडाळून दाराखालून फिरवा. जाड लांबीवर तो धरत नाही, गळून पडतो. दोन रुपयांची युक्ती, मला ४२,००० घालवल्यावर सुचली.

दारांच्या तळाशी पाणी निघून जायला भोकं असतात, ती पावसाळ्याआधी तारेने मोकळी करा. रबरी मॅटखाली ओल राहू देऊ नका. गंजावर डांबर फासून घेऊ नका, ओल आतच कोंडते. रंग शक्यतो मूळचाच ठेवा, आरसीवर रंगाची नोंद असते. बाकी संयम ठेवा वगैरे सगळे सांगतातच. माझ्याकडे संयम होता, चुंबक नव्हता.

आणि सुट्या वस्तूंची यादी करून मिस्त्रींची सही घ्या. पद्मिनीचा कुर्ल्याचा कारखाना कधीच थांबला, मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीही २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. अस्सल माल आता शोधावा लागतो. माझे चार व्हील कप गेले, दोन आले. विचारलं की उत्तर ठरलेलं, "या रविवारी नक्की, साहेब."

दोन्ही रनिंग बोर्ड आता दुसरीकडे कापून नवे बसवले, तिथे रोज संध्याकाळी जाऊन उभा राहिलो. त्या कारागिराला माझा वैताग आला असणार, येऊ दे. काल जुन्या गॅरेजवरून जाणं झालं. दारात एक पद्मिनी उभी होती, निळी, रंगाचा पहिला हात मारून झालेली. नंबर टिपून घेतलाय. मालक कोण, ते शोधतोय.